पहारेकऱ्याचा कर्णा : तंबाखूविषयीचे सरकारी इशारे व आपली मंडळी

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:१–९.

घरी वाचण्याकरिता : सोमवार, १ करिंथ ६:१९, २०. मंगळवार, रोम १४:१३–२१. बुधवार, मत्तय १८:१–७. गुरुवार, मत्तय ७:१–५. शुक्रवार, याकोब १:२२–२५. शनिवार, गलती ६:१–५.

धड्याचा हेतू : संकटाचा इशारा देणे हे पहारेकऱ्याचे काम आहे. सरकारने तंबाखूविषयी इशारा देण्याचे जे नियम केले आहेत ते समजून घेणे, आणि आपल्या गावात तो इशारा कोणी द्यावयाचा ह्याचा देवासमोर विचार करणे.

१. पहारेकऱ्याचे काम

यहेज्केल संदेष्ट्यास देवाने जे काम नेमून दिले ते खेड्यातील मनुष्यास फार समजावून सांगावे लागत नाही. जोंधळा हुरड्यावर आला म्हणजे शेतातील माळ्यावर बसून रात्र जागणारा राखणदार आपण सर्वांनी पाहिला आहे. रानडुकरे आली असता त्याने हाका मारल्या आणि मालक उठला नाही, तर नुकसानीचा दोष मालकाकडे. परंतु राखणदारच घोंगडी पांघरून निजला, तर पीक कोणाचे गेले व जबाब कोणी द्यावयाचा, हे लहान मुलासही कळते.

शास्त्रपाठात हीच गोष्ट आहे. फरक इतकाच की तेथे पिकाचा नव्हे, तर मनुष्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पहारेकऱ्यावर लढाई जिंकण्याचा भार नाही. त्याच्यावर एकच भार आहे : त्याने पाहावे व कर्णा वाजवावा. पुढे ऐकणे किंवा न ऐकणे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. पण कर्णाच वाजला नाही, तर त्या जिवाचा हिशेब देव पहारेकऱ्याच्या हातून मागतो. हे वचन मनात ठेवून आज आम्ही एका नेहमीच्या व्यवहारातील गोष्टीकडे वाचकांचे लक्ष ओढीत आहो.

२. कायद्याचा कर्णा कसा वाजू लागला

तंबाखू हे आपल्या देशातील मूळचे पीक नव्हे. पोर्तुगीज लोकांनी ते समुद्रापलीकडून आणले. आज मात्र ते आपल्या चालीरीतींत असे मिसळून गेले आहे की, पाहुणा दारी आला असता पाण्याच्या तांब्यामागून चंची पुढे करणे हा आदरसत्कारच समजला जातो. ज्या वस्तूने पाहुण्याचा मान राखावयाचा तीच त्याचा घात करते, हे पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आले नाही.

सन १९७५ मध्ये आपल्या देशाने सिगारेटींविषयी एक कायदा केला. तो १ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. सिगारेट ओढणे प्रकृतीस अपायकारक आहे, हा इशारा पाकिटावर व जाहिरातीत छापणे त्या कायद्याने भाग पडले. हा आरंभ चांगला होता. परंतु त्यात तीन मोठ्या उणिवा राहिल्या. पहिली ही की, विडी, खाण्याची तंबाखू व तपकीर ह्यांस तो कायदा लागू नव्हता. दुसरी ही की, जाहिरात बंद झाली नाही. मोठे रंगीत चित्र वर आणि लहानसा इशारा खाली, असे चालू राहिले. तिसरी ही की, तो इशारा केवळ अक्षरांत होता. ज्यास अक्षर येत नाही त्याच्या कानी असला कर्णा कसा पडावा?

सन २००३ मध्ये दुसरा व अधिक व्यापक कायदा झाला आणि १ मे २००४ पासून तो अमलात येऊ लागला. त्यात सिगारेटीबरोबर विडी, खाण्याची तंबाखू, तपकीर, गुटखा हे सर्व पदार्थ आले. ह्या कायद्याच्या पाचव्या कलमाने तंबाखूची जाहिरात करण्यास मनाई केली. वर्तमानपत्र, मासिक, नभोवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपट व रस्त्यावरील फलक ह्यांपैकी कोठेही ती करता येत नाही. केवळ दोन जागा मोकळ्या ठेवल्या : एक पाकीट, व दुसरी जेथे माल विकला जातो ते दुकान किंवा वखार. दुकानातील फलकही ६० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद ह्याहून मोठा असता कामा नये, आणि तंबाखूने कर्करोग होतो किंवा तंबाखू प्राण घेते, असा इशारा त्याच्या वरच्या भागी देशी भाषेत असला पाहिजे. हा नियम मोडणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

३. चित्रपट, दूरचित्रवाणी व छापील कागद

जाहिरातीचे दार बंद केले तरी खिडकी उघडी राहिली होती. चित्रपटातील नायक झुरका घेतो तेव्हा त्यास कोणी जाहिरात म्हणत नाही; पण पाहणाऱ्या पोराच्या मनावर जाहिरातीहून अधिक ठसा त्याचाच उमटतो. यास्तव २००५ साली सरकारने पडद्यावर तंबाखूचे सेवन दाखवूच नये असा नियम केला. त्यास चित्रपट तयार करणाऱ्यांनी हरकत घेतली. कथा सांगणाऱ्याचे स्वातंत्र्य त्यामुळे हिरावले जाते, ह्या कारणावरून २००९ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

पुढे २०११ साली व सुधारून २०१२ साली जे नियम झाले त्यांत निराळा मार्ग धरला आहे. कथा सांगणाऱ्याचे तोंड बंद करावयाचे नाही. मात्र त्याच्या शेजारी पहारेकरी उभा करावयाचा. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या त्या नियमांचा सारांश असा : ज्या चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात तंबाखूचे सेवन दिसते, त्याच्या आरंभी व मध्ये प्रत्येकी निदान ३० सेकंदांचा आरोग्यविषयक संदेश दाखवावा. तंबाखूचे दुष्परिणाम सांगणारे निदान २० सेकंदांचे निवेदन आरंभी व मध्ये ऐकवावे व दाखवावे. आणि ज्या ज्या क्षणी पडद्यावर तंबाखू दिसेल त्या त्या क्षणी खालच्या बाजूस पांढऱ्या पट्टीवर काळ्या, स्पष्ट अक्षरांत, चित्रपटाच्याच भाषेत इशारा असावा. अलीकडे पुष्कळ लोक चित्रपट फोनवर पाहू लागले. तेव्हा इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या चित्रमालिकांनाही १ सप्टेंबर २०२३ पासून असाच नियम लागू झाला.

ह्या संदेशांपैकी एक वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आपल्या महाराष्ट्रातील २४ वर्षांचा एक तरुण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पडून आहे. गुटख्याने त्याच्या तोंडास कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर कदाचित आपणास बोलताही येणार नाही, असे तो स्वतःच्या मुखाने सांगतो. ते शब्द लोकांनी चित्रपटगृहात ऐकले तेव्हा तो ह्या जगात नव्हता. काही ठिकाणी प्रेक्षक त्या संदेशाची थट्टाही करीत. आम्हास वाटते, पहारेकऱ्याची थट्टा होणे ही नवी गोष्ट नाही. यहेज्केलाचे लोकही त्याचे बोलणे गोड गाण्याप्रमाणे ऐकत व घरी जात. परंतु त्या मुलाने आपला कर्णा वाजविला. त्याचा हिशेब चुकता झाला.

छापील कागदांविषयीही नियम आहेत. वर्तमानपत्रात किंवा फलकावर छापावयाच्या चित्रात तंबाखूच्या मालाचे नाव किंवा खूण आली असेल तर ती कापून किंवा झाकून मगच चित्र छापावे, असे बंधन आहे. पाकिटांवर ३१ मे २००९ पासून चित्ररूप इशारा आला, आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा शेकडा ८५ भाग इशाऱ्याने व्यापला पाहिजे असे ठरले. रोगाने खाल्लेल्या तोंडाचे ते चित्र पाहून किळस येते हे खरे. परंतु ज्या म्हातारीस अक्षर येत नाही तिलाही आता तो इशारा वाचता येतो. पूर्वीच्या कायद्याची तिसरी उणीव अशी भरून निघाली.

कायद्यास चुकविणारेही आहेत. तंबाखूच्या मालाचेच नाव वेलचीस किंवा पानमसाल्यास देऊन त्याची झळकणारी जाहिरात करावी, आणि पाहणाराने मनात काय समजावयाचे ते समजून घ्यावे, अशी युक्ती चालते. कायद्याचे अक्षर पाळून त्याचा हेतू मोडणे हा परूश्यांचा जुना मार्ग आहे.

४. दुसऱ्या एका देशाचा अनुभव

इशारा खरोखर काही काम करतो काय, असे कोणी विचारील. त्यास अमेरिकेतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या देशात १९६७ साली नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने असे ठरविले की, जी केंद्रे सिगारेटींच्या जाहिराती दाखवितात त्यांनी सिगारेटींचे दोष सांगण्यासही पुरेसा वेळ फुकट द्यावा. पुढील तीन-चार वर्षे लोकांना दोन्ही बाजू ऐकू आल्या, आणि दरडोई सिगारेटींचा खप उतरू लागला. नंतर २ जानेवारी १९७१ पासून दूरचित्रवाणी व नभोवाणीवरील सिगारेटींच्या जाहिराती कायद्याने बंद झाल्या. सर्वांस आनंद वाटला. पण जाहिराती गेल्या तेव्हा त्यांच्या उत्तरादाखल मिळणारा फुकट वेळही गेला, आणि इशारे फार कमी झाले. व्यापाऱ्यांनी आपला पैसा मासिके व वर्तमानपत्रे ह्यांत ओतला, आणि खपाची उतरण काही वर्षे थांबली.

ह्यावरून आम्ही असे शिकतो की, वाईट शब्द बंद करणे हे अर्धेच काम आहे. चांगला शब्द मोठ्याने बोलला गेला पाहिजे. घर झाडून रिकामे ठेवले तर त्यात काय शिरते, हे आपल्या प्रभूने सांगितलेलेच आहे.

५. जेथे कर्णा पोहोचत नाही

आता आपल्या गावाकडे येऊ. २०१६-१७ साली सरकारने देशभर जी पाहणी केली तीत असे आढळले की, महाराष्ट्रातील प्रौढ लोकांपैकी तंबाखू ओढणारे शेकडा ३.८ आहेत, परंतु धुरावाचून तंबाखूचे सेवन करणारे, म्हणजे मळून खाणारे, मशेरी लावणारे, तपकीर वापरणारे, शेकडा २४.४ आहेत. ह्या दोन आकड्यांवर वाचकांनी थोडा वेळ थांबावे. पडद्यावरील नायकाच्या हाती बहुधा सिगारेट असते, म्हणून तेथील इशारा बहुधा धुराविषयी असतो. तो पाहून आपल्या मंडळीतील बाप म्हणतो, “हे शहरच्या लोकांकरिता आहे, आम्ही कोठे सिगारेट ओढतो?” आणि असे बोलता बोलता तो तळहातावर चुना व तंबाखू मळीत असतो.

मशेरीची गोष्ट तर ह्याहून कठीण. ती घरी तव्यावर भाजली जाते. तिला पाकीट नाही, म्हणून चित्र नाही. ती चुलीपाशी बसून लावली जाते. तेथे पडदा नाही, म्हणून पांढरी पट्टी नाही. सासूने सुनेस शिकविली, आईने लेकीस शिकविली. दात स्वच्छ होतात व पोट साफ होते अशी समजूत. गर्भवती स्त्रीने तंबाखू घेतली असता पोटातील बालकास अपाय होतो व ते वजनाने कमी भरण्याचा संभव असतो, हे तिला कोण सांगणार? विडी-सिगारेट सुटी विकली की पाकिटावरील इशारा दुकानातच राहतो. म्हणून २०२० साली महाराष्ट्र सरकारने सुट्या विक्रीसही मनाई केली. परंतु चुलीपाशी सरकारचा नियम जात नाही. तेथे जाणारी एखादी बायबलबाई असते, उपदेशकाची पत्नी असते, शेजारची ख्रिस्ती बहीण असते. देवाने त्या वेशीवर त्यांना उभे केले आहे.

६. निजलेला पहारेकरी

येथे आम्हास एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना आमचीही मान खाली जाते. काही काळापूर्वी एका गावी संध्याकाळच्या सभेकरिता आम्ही गेलो होतो. तेथील उपदेशक फार वर्षे सेवा केलेले, लोकांच्या सुखदुःखात धावून जाणारे गृहस्थ. सभेपूर्वी आम्ही काडेपेटी घेण्यास दुकानी उभे होतो, तोच सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला व त्याने तंबाखूची पुडी मागितली. अठरा वर्षांखालील कोणास हा माल विकणे गुन्हा आहे, असा फलक दुकानात लावलेला होता. दुकानदार थबकला व म्हणाला, “पोरा, तुला देता येत नाही.” मुलगा निर्मळपणे म्हणाला, “मला नको. उपदेशक मास्तरांनी आणायला सांगितली आहे.” दुकानदाराने लगेच पुडी दिली.

त्या फलकात कायद्याचे बळ होते. आमच्या सेवकाच्या नावाने ते क्षणात निघून गेले. मुलास तंबाखू देणे किंवा देवविणे हा २०१५ च्या बालन्यायाच्या कायद्याने गंभीर अपराध आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्याची शिक्षा आहे. त्या मुलाने पुडी स्वतःकरिता घेतली नव्हती हे खरे. परंतु त्या संध्याकाळी तो काय शिकला? जी वस्तू मास्तरांस चालते ती वाईट नसावी, हेच तो शिकला. लहानांस अडखळण करणाऱ्याविषयी प्रभूचे शब्द किती कडक आहेत, हे आम्हास ठाऊक होते. तरी त्या रात्री आम्हीही काही बोललो नाही. सभेत गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि दोघे पहारेकरी निजून राहिले.

पुढे एकांतात आम्ही त्या बंधूंपाशी हा विषय काढला व प्रथम आपल्या मौनाबद्दल क्षमा मागितली. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाळकसाहेब, तीस वर्षांची सवय आहे. सोडवत नाही, आणि सोडवत नाही हे सांगण्याचीही लाज वाटते.” त्यांनी नंतर दोन वेळा सोडली व दोन वेळा पुन्हा धरली. आज त्यांचा तिसरा प्रयत्न चालू आहे. परंतु एक गोष्ट त्यांनी त्या दिवसापासून पाळली : ते कोणा मुलास दुकानी पाठवीत नाहीत, आणि आपण ह्या सवयीशी झगडत आहो हे त्यांनी मंडळीपुढे उघड सांगितले. ते सांगितल्यावर मंडळीतील चार माणसे त्यांच्याकडे आली व म्हणाली, “आमच्याकरिताही प्रार्थना करा.” त्यांनी इतकी वर्षे केलेल्या कोणत्याही उपदेशाने जे झाले नव्हते ते ह्या कबुलीने झाले.

७. कायदा व कृपा

काही वाचक म्हणतील, शास्त्रात तंबाखूचे नावही नाही. मग हा भार मंडळीवर का घालावा? खरे आहे. म्हणूनच आम्ही असे म्हणत नाही की तंबाखू खाणाऱ्याचे तारण होत नाही, किंवा न खाणारा तेवढ्यानेच नीतिमान ठरतो. असे म्हणणे म्हणजे कृपेच्या जागी चंचीचा हिशेब मांडणे होईल. परंतु आपले शरीर देवाने मोल देऊन विकत घेतले आहे, आणि आपल्या स्वातंत्र्याने दुबळ्या भावास अडखळण होऊ नये, ह्या दोन गोष्टी पौल प्रेषिताने स्पष्ट सांगितल्या आहेत.

शिवाय ज्यास रोग झाला त्यास दूषण देणे हे पहारेकऱ्याचे काम नव्हे. इशारा तलवार येण्यापूर्वी द्यावयाचा असतो. घाव लागल्यावर जखम बांधावयाची असते. आजारी बंधूच्या खाटेपाशी बसून “तुला सांगितले नव्हते काय?” असे विचारणारा ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीस बसतो. तसेच सोलापूर, सिन्नर अशा ठिकाणी विड्या वळून पोट भरणाऱ्या गरीब स्त्रियांस तुच्छ लेखू नये. त्यांना दुसरा धंदा मिळावा म्हणून झटणे हीच त्यांजवरील प्रीती होय.

उपदेशकबंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, कोणत्याही मुलास तंबाखू आणण्यास पाठवू नये, व शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई आहे हे गावच्या लोकांस सांगावे. दुसरी, सभेपूर्वी व सभेनंतर येणाऱ्यांपुढे चंची करण्याची चाल बंद करावी. तिसरी, तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंडात पांढरा किंवा तांबडा चट्टा दिसला, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर वाट न पाहता त्या मनुष्यास डॉक्टरकडे न्यावे. हा रोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. चवथी, ज्यांना ही सवय सोडावयाची आहे त्यांना सरकारने १८००-११-२३५६ हा फुकट दूरध्वनी दिला आहे. तो पाकिटावरही छापलेला असतो. तो फिरविण्यास ज्याला संकोच वाटतो त्याच्याजवळ बसून आपण तो फिरवावा.

सरकारने पडद्यावर, कागदावर व पाकिटावर पहारेकरी उभे केले. चुलीपाशी, ओट्यावर व सभेच्या दाराशी उभे राहण्यास त्याला माणूस नाही. ती जागा आपली आहे.

मनन व चर्चेकरिता प्रश्न

१. शास्त्रपाठात पहारेकऱ्यावर कोणता भार आहे, व कोणता भार नाही?
२. १९७५ च्या कायद्यात कोणत्या तीन उणिवा होत्या? त्या पुढे कशा भरून निघाल्या?
३. कथा बंद न करता तिच्याजवळ इशारा ठेवावा, ह्या नियमापासून आईबापांनी काय शिकावे?
४. आपल्या गावात सरकारी इशारा कोणत्या घरांत पोहोचत नाही? तेथे कोण जाऊ शकेल?
५. आपल्या कोणत्या सवयीकडे पाहून एखादे मूल चुकीचे शिकत आहे? (ह्याचे उत्तर सभेत नव्हे, प्रार्थनेत द्यावे.)

प्रार्थनेचा विषय : जे सवयीशी झगडत आहेत व पुन्हा पुन्हा पडत आहेत त्यांजकरिता, जे तोंडाच्या रोगाने खाटेवर आहेत त्यांजकरिता, आणि देवाने ज्यांस वेशीवर उभे केले त्या आम्हा सर्वांकरिता, की आम्ही जागे राहावे.